चासी नंबर मिळेपर्यंत डाऊन पेमेंट नाही: कर्जावर गाडी घेतानाचा आमचा अनुभव

आमची गाडी ६ ऑक्टोबर २०२५ ला घरी आली. पहिलं बुकिंग मात्र ९ ऑगस्टला केलं होतं, आणि तेही वेगळ्याच शोरूममध्ये. मधल्या काळात ते बुकिंग रद्द करावं लागलं, जीएसटीचे दर बदलले, बँकेकडून मंजुरीपत्र बदलून घ्यावं लागलं. गाडीचं मायलेज, रंग, मधलं मॉडेल की टॉप, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण डाऊन पेमेंट नेमकं कधी द्यायचं, कुणाच्या खात्यात द्यायचं आणि गाडी मिळाली नाही तर ते परत कसं मागायचं, हे मला एका जागी कुठे सापडलं नाही. म्हणून जसं घडलं तसं सविस्तर लिहिते आहे.

मी सांगलीत एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नवऱ्याचं कुपवाड एमआयडीसीत मोटार रिवाइंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना एसटीची पायरी चढता येत नाही, म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. डाऊन पेमेंटसाठी जे पैसे बाजूला ठेवले होते, त्यात माझी भिशी होती आणि सासूबाईंनी मोडलेली एफडी होती. ते अडकले असते तर गाडी आणखी दोन-तीन वर्षं तरी लांबली असती.

जुलैमध्ये चौकशी सुरू केली तेव्हा लॅबमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की शोरूम म्हणजे कंपनी नव्हे. त्यांचा भाऊ गोव्यात वकिली करतो. तिथल्या एका ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून पैसे मोजले आणि हातात आली २००९ साली बनलेली, आधी चाललेली गाडी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की डीलरचं हे कृत्य कंपनीला माहीत होतं हे सिद्ध होत नसेल तर कंपनीला त्याबद्दल जबाबदार धरता येणार नाही. म्हणजे दारावर बोर्ड कितीही मोठ्या कंपनीचा असो, पैसे आपण एका स्वतंत्र धंद्याच्या खात्यात भरत असतो. हे एकदा लक्षात आलं की तो धंदा कोणाचा आहे हे बघणं ओघाने येतं.

आम्ही एवढंच केलं. कंपनीच्या वेबसाइटवर अधिकृत डीलरच्या यादीत शोरूमचं नाव आहे का ते पाहिलं. कोटेशनवरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला. तिथे फर्मचं कायदेशीर नाव दिसतं आणि नोंदणी चालू आहे की रद्द तेही कळतं. बोर्डावरचं नाव आणि कायदेशीर नाव पुष्कळदा वेगळं असतं, त्यात काही गैर नाही. पण पैसे जातील ते खातं याच कायदेशीर नावाचं असायला हवं. आरटीओने दिलेलं ट्रेड सर्टिफिकेटही, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्या ठेवण्याचा डीलरचा परवाना, दाखवायला सांगितलं. सेल्समन गोंधळला, पण आतून घेऊन आला.

९ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. सुट्टीमुळे शोरूममध्ये गर्दी. बुकिंग २१,००० रुपये. सेल्समनने स्वतःचा मोबाइल पुढे केला, क्यूआर कोड उघडलेलाच होता. "मॅडम, ह्यावर टाका, लगेच पावती निघते." मी फर्मचा खाते नंबर मागितला. दुसरा शनिवार असल्यामुळे बँक बंद होती, पण एनईएफटी चोवीस तास चालते. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडद्यावर बघता येतं. ही सोय नक्की वापरा. नाव फर्मचंच आहे हे बघून मगच पैसे पाठवले. कोणी रोखीत मागितले तर हेही माहीत असू द्या की एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे.

बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी छापलेल्या होत्या. बुकिंग रद्द केल्यास ५,००० रुपये कपात, डिलिव्हरीची तारीख अंदाजे, किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची. सेल्समनचं म्हणणं, "सगळेच सही करतात." मी मॅनेजरना भेटायचं आहे म्हटलं. ते गिऱ्हाइकात होते, पाऊण तास थांबावं लागलं. मग त्यांच्यासमोर बसून फॉर्मच्या पुढच्या बाजूला, जिथे ॲक्सेसरीजसाठी मोकळी जागा होती, तिथे तीन वाक्यं लिहून घेतली (चासी नंबर म्हणजे प्रत्येक गाडीवर कोरलेला तिचा स्वतःचा ओळख क्रमांक):

"बँकेचे कर्ज नामंजूर झाल्यास किंवा कमी मंजूर झाल्यास बुकिंगची पूर्ण रक्कम परत मिळेल. ३१ ऑगस्टपर्यंत चासी नंबर न दिल्यास ग्राहकास बुकिंग रद्द करता येईल, कपात होणार नाही. उर्वरित रक्कम चासी नंबर दिल्यानंतरच देय."

मॅनेजर तिसऱ्या वाक्याला अडले. "चासी अलॉट करायला आम्हाला तुमचं पेमेंट लागतं." मी म्हटलं, बुकिंग दिलंच आहे, कर्ज मंजूर झालं की बँकेचं पत्र आणून देते, त्यावर अलॉट करा. थोडा वेळ घोळ झाला, पण शेवटी त्यांनी सही केली. शिक्का हवा म्हटल्यावर तो कॅशियरकडून मागवला. अर्धा शिक्का माझ्या अक्षरावर, अर्धा त्यांच्या सहीवर पडला. तिथेच फोटो काढून ठेवला, कारण मूळ फॉर्म ते ठेवतात आणि आपल्याला कार्बन कॉपी मिळते, जिच्यावर काही दिवसांत काही वाचता येत नाही.

हे लिहून घ्यायला संकोच वाटतो. शोरूमच्या एसीत, सगळे आपल्याकडे बघत असताना, आपणच संशयी असल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं. तरी लिहून घ्या, एवढंच मी कळकळीने सांगेन. पुढे जे काही पदरात पडलं ते या तीन ओळींमुळेच.

कर्जासाठी शोरूमच्या फायनान्स डेस्कने लगेच पॅन, आधार आणि ओटीपी मागितला, "नुसतं एलिजिबिलिटी बघतो" म्हणून. नको म्हटलं. प्रत्येक कर्ज कंपनीची चौकशी सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत अशा चौकशा साठल्या की स्कोअर उतरतो. आमचं खातं असलेल्या सरकारी बँकेत ११ ऑगस्टला अर्ज दिला. माझ्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६, नवऱ्याचे तीन वर्षांचे आयटीआर, उद्यमचं (छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं) प्रमाणपत्र, दोघांची खाती, शोरूमचं कोटेशन. मध्येच एक अडचण निघाली. दिराच्या पतसंस्थेच्या कर्जाला नवरा जामीन आहे आणि ते सिबिलच्या अहवालात दिसत होतं. पतसंस्थेकडून हप्ते वेळेवर चालू असल्याचा दाखला आणावा लागला, त्यात आठवडा गेला. कोणाला जामीन असाल तर हा दाखला अर्ज करण्याआधीच काढून ठेवा.

२१ ऑगस्टला मंजुरीपत्र मिळालं, साडेसहा लाखांचं. सोबत की फॅक्ट स्टेटमेंट होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना ते किरकोळ कर्जदाराला द्यावंच लागतं. त्यात व्याजदरच नाही तर सगळे खर्च धरून वर्षाला प्रत्यक्ष किती टक्के पडतात तो आकडा असतो, आणि आपल्याला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. "आजच सही करा, उद्या रेट बदलेल" असं कुणी म्हणालं तर हे सांगता येतं.

आता मुख्य पेच. बँक म्हणते, आधी तुमचं मार्जिन, म्हणजे डाऊन पेमेंट, शोरूममध्ये भरा, पावती दाखवा, मग आम्ही कर्जाची रक्कम थेट शोरूमला पाठवू. शोरूम म्हणतं, सगळे पैसे आले की गाडी देऊ. म्हणजे एक वेळ अशी येतेच की आपले आणि बँकेचे, दोन्ही पैसे शोरूमकडे असतात आणि आपल्याकडे गाडी नसते. ही वेळ टाळता येत नाही, पण ती किती लांबू द्यायची हे आपल्या हातात असतं. कर्ज विभागातल्या मॅडमनी यामागचं कारणही सांगितलं. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाड्या बहुतेक वेळा शोरूमने स्वतः कर्ज काढून आणलेल्या असतात. त्या कर्जाचे पैसे फेडले की गाडी सुटते. शोरूमची ओढाताण चालू असेल तर आज आलेले पैसे कालच्या गाडीच्या देण्यात जातात आणि आज पैसे भरणारा मागे राहतो. "म्हणून गाडी कुठली ते ठरल्याशिवाय, चासी नंबर आल्याशिवाय, तुम्ही मार्जिन भरू नका आणि आम्हीही डिसबर्स करणार नाही," असं त्या म्हणाल्या. बँकेकडूनच हे ऐकल्यावर मला फार धीर आला.

गणपती २७ ऑगस्टला होते. २२ तारखेपासून सेल्समनचे फोन सुरू झाले. "मॅडम, आज उरलेले एक लाख एकोणसत्तर टाका की, गणपतीला गाडी दारात. नाहीतर डायरेक्ट दिवाळी." मी दर वेळी एकच विचारत होते, चासी नंबर द्या. दर वेळी उत्तर यायचं, पेमेंट आलं की देतो. सासूबाईंना वाटायला लागलं की मी उगाच ताणते आहे. घरात बाप्पा यायच्या आधी गाडी यावी अशी त्यांची इच्छा होती, आणि पैसे त्यांचेही होते. तेव्हा नवरा म्हणाला, "आई, थांबू की आठ दिवस. गाडी काय पळून जात नाही." ते दिवस घरात जड गेले.

२५ तारखेला आम्ही शोरूमला समक्ष गेलो. बाहेरच्या सोफ्यावर विट्याकडचे एक काका बसले होते, मांडीवर प्लास्टिकची फाइल. जुलैत त्यांनी डाऊन पेमेंट भरलं होतं, फायनान्स कंपनीने कर्जाची रक्कमही शोरूमला दिली होती. ऑगस्टपासून त्यांचा हप्ता सुरू झाला होता. गाडी नव्हती. "ट्रान्झिटमध्ये आहे म्हणतात." त्यांनी फाइल उघडून पावत्या दाखवल्या. त्यांच्या बुकिंग फॉर्मवर गाडीचं मॉडेल आणि रंग होता, चासी नंबराचा रकाना कोरा. त्या दिवशी आम्ही मॅनेजरना न भेटताच परत आलो. आपलं काय करायचं ते आमचं ठरलं होतं.

३१ ऑगस्ट गेला, चासी नंबर आला नाही. गौरी जेवल्या आणि ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला: छोट्या गाड्यांवरचा कर २२ सप्टेंबरपासून १८ टक्के. आमच्या मॉडेलवर तोवर २८ टक्के आणि वर एक टक्का उपकर होता. आमच्या ७ लाख २० हजारांच्या एक्स-शोरूम किमतीत साधारण ६१ हजारांचा फरक पडत होता. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, त्यामुळे तोही जवळपास पावणेसात हजारांनी उतरत होता. दुसऱ्याच दिवशी सेल्समनचा फोन आला. तुमचं बुकिंग जुनं, तुम्हाला जुनाच दर लागेल, मात्र आत्ता बिल केलंत तर २५ हजार डिस्काउंट देतो. हे मी बँकेतल्या मॅडमना आणि नवऱ्याच्या सीएंना, दोघांनाही विचारलं. दोघांचं उत्तर एकच: गाडी आणि बिल दोन्ही २२ तारखेनंतरचं असेल तर नवा दर, बुकिंग आधी भरलं म्हणून जुना दर लागत नाही.

४ सप्टेंबरला बुकिंग रद्द केल्याचा ईमेल शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवला. सोबत पावती आणि तीन ओळींचा तो फोटो. मजकूर साधा ठेवला: अमुक तारखेपर्यंत चासी नंबर मिळाला नाही, ठरल्याप्रमाणे बुकिंग रद्द करत आहे, २१,००० रुपये पुढील खात्यात जमा करावेत. तेच पत्र पोस्टानेही पाठवलं. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. पत्र पोचल्याचा पुरावा हवा हे काउंटरवर वेगळं सांगा.

अकाउंट विभागाचं उत्तर आलं की ५,००० कापून उरलेले ४५ कामकाजाच्या दिवसांत मिळतील. मी फॉर्मवरच्या मॅनेजरच्या सहीचा फोटो पुन्हा पाठवला आणि करार कायद्याच्या कलम ७४ चा उल्लेख केला. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते, असं ते कलम सांगतं. त्यांनी तर वेळेत गाडीच दिली नव्हती. तरी फोन उचलेनात. मग ९ सप्टेंबरला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. मराठीत बोलता येतं. तक्रारीचा नंबर मेसेजने येतो. मी कागदपत्रं अपलोड केली. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीकडे पोचवते, आणि आमच्या बाबतीत ते पुरलं. चौथ्या दिवशी कंपनीच्या माणसाचा फोन आला, मग शोरूमच्या मॅनेजरचा. १९ सप्टेंबरला पूर्ण २१,००० खात्यात जमा झाले. मेसेज आला तेव्हा मी लॅबमध्ये सॅम्पल लावत होते. हातमोजे काढून आधी सासूबाईंना फोन केला.

पैसे आले नसते तर ग्राहक आयोगात जायची तयारी करून ठेवली होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, शोरूम परगावी असलं तरी. मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही.

मधल्या पितृपक्षात कोल्हापूरच्या एका शोरूममधून कोटेशन आणून ठेवलं. त्या पंधरवड्यात कोणी गाडी घेत नाही, त्यामुळे मॅनेजर निवांत बोलले, आमच्या अटी वाचल्या आणि स्वतःच टाइप करून दिल्या. सासूबाईंच्या इच्छेप्रमाणे बुकिंगचे ११,००० रुपये घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला भरले, नव्या दराच्या कोटेशनवर. ऑन-रोड ७ लाख ७५ हजार. विमा आम्ही बाहेरून घेतला. शोरूमच्या कोटेशनपेक्षा तो नऊ हजारांनी स्वस्त पडला, आणि शोरूमचाच विमा घ्या अशी सक्ती कुणाला करता येत नाही. बँकेने डीलरचं नाव आणि रक्कम बदलून सहा लाखांचं नवं मंजुरीपत्र दिलं, नऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता १२,४५५ रुपये.

२६ तारखेला चासी नंबर ईमेलवर आला. शनिवारी आम्ही दोघं यार्डात गेलो. ऊन मी म्हणत होतं. आमच्या मॉडेलला चासी नंबर चालकाशेजारच्या सीटखाली कोरलेला असतो. सीट मागे सरकवून, गालिच्याची झडप उचलून, मोबाइलच्या उजेडात नवऱ्याने एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मी ईमेलशी ताडून पाहिला. उत्पादनाचा महिना ऑगस्ट २०२५. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाचही टायर त्याच वर्षाचे होते, स्टेपनीसुद्धा. मीटरवर ९ किलोमीटर. सगळ्याचे फोटो काढले.

सोमवारी, २९ तारखेला, उरलेले १ लाख ६४ हजार एनईएफटीने भरले. पावतीवर चासी नंबर लिहून घेतला. ती पावती दुपारी बँकेत दिली, आणि ३० तारखेला बँकेने सहा लाख थेट शोरूमला पाठवले. सगळे पैसे शोरूमकडे आणि गाडी नाही, असा काळ एका आठवड्याचा राहिला. दसऱ्याला गाडी मिळाली नाही, आरटीओकडे नोंदणीची गर्दी होती. मॅनेजरनी ते आदल्या दिवशीच फोन करून कळवलं, म्हणून वाईट वाटलं नाही. नंबर पडल्याशिवाय, म्हणजे नोंदणी झाल्याशिवाय, गाडी बाहेर काढून देता येत नाही आणि आपणही घेऊ नये.

डिलिव्हरीच्या दिवशी हार-पेढ्यांच्या आधी कागद तपासले. बिल, विमा आणि नोंदणी या तिन्हींवर चासी नंबर एकच आहे ना, नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे ना, विम्यावर बँकेचं नाव आहे ना. आरसी बुकावर बँकेचा बोजा, म्हणजे एचपी, नोंदलेला असतो. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो आरटीओकडून उतरवावा लागतो, आपोआप उतरत नाही.

विट्याच्या काकांचा नंबर मी त्या दिवशी घेऊन ठेवला होता. त्यांना अजून गाडी मिळालेली नाही. १९१५ ची तक्रार झाली, पण शोरूमने फक्त तारखा दिल्या. आता त्यांच्या मुलाने ई-जागृतीवर तक्रार दाखल केली आहे. व्यवहार पाच ते दहा लाखांतला असल्याने शुल्क २०० रुपये लागलं. फायनान्स कंपनीलाही लेखी कळवून पोच घेतली आहे की पैसे देऊनही तारण असलेली गाडीच अस्तित्वात नाही. हप्ता काकांनी थांबवलेला नाही, कारण तो चुकला तर सिबिल काकांचं खराब होतं आणि दंड वर लागतो. तक्रारीत भरलेले हप्तेही व्याजासह मागितले आहेत, आणि त्यासाठी प्रत्येक हप्त्याच्या नोंदीचं बँक स्टेटमेंट जोडलं आहे.